बोटांना कळेल असा शब्द

श्री. शांतवनराव कसोटे यांची आणि माझी पहिली भेट एका तक्रारीमुळे झाली. तक्रार त्यांची होती आणि ती माझ्या शाळेविरुद्ध होती.

छप्पन साल सरत आले होते. यवतमाळच्या आमच्या मुलींच्या शाळेत मी मुख्याध्यापिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. सकाळची प्रार्थना आटोपून कार्यालयात येऊन बसते तोच एक सडपातळ गृहस्थ दारात उभे राहिले. सदऱ्यावर कापसाची बारीक लव चिकटलेली होती, त्यावरून ते कापसातली सरकी काढणाऱ्या एखाद्या जिनातले असावेत एवढे कळले. नमस्कार करून ते म्हणाले, "बाई, तुमच्या शाळेत गिटार आहे. ती कोणी तरी तंबोऱ्यासारखी लावली आहे. एवढा ताण तिला सोसायचा नाही. मान वाकेल तिची."

गिटार होती, हे खरे. जिनावरच्या एका इंग्रज इंजिनिअरने देश सोडून जाताना ती शाळेला देऊन टाकली होती. विज्ञानाच्या कपाटात, हाडांच्या सापळ्याशेजारी ती उभी असे. आमच्या संगीताच्या बाईंनी तिच्या सहाही तारा षड्ज-पंचमात लावून प्रार्थनेच्या साथीला घेतल्या होत्या, आणि त्यात काही चुकले असेल असे आम्हां कोणाच्याही मनात आले नव्हते. रस्त्याने कामावर जाणाऱ्या या माणसाला मात्र ते रोज ऐकू येत होते. आठवडाभर सोसून शेवटी ते आत आले होते.

तुम्हाला वाजवता येते का, असे मी विचारले. "येत होती," ते म्हणाले. मग माझे लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेले. अनामिका मुळापासून नव्हती. आदल्या हंगामात जिनाच्या रोलरमध्ये ती गेली होती. ते वजनकाट्यावरचे कारकून. अडकलेला कापूस ओढणे हे त्यांचे कामच नव्हते. पण ज्याचे काम होते तो मजूर घाबरून मागे सरला, म्हणून हे पुढे झाले. हे मला पुष्कळ नंतर, दुसऱ्याकडून कळले.

त्यांनी गिटार नीट लावली आणि उरलेल्या बोटांनी काही वाजवून दाखवले. मुली खिडक्यांशी गोळा झाल्या. मुलींना मी वर्गात पिटाळले आणि स्वतः ऐकत राहिले.

शांतवनराव लहानपणीच पोरके झाले आणि एका मिशनच्या आश्रमात वाढले. तिथल्या वृद्ध इटालियन पाद्रीबाबांनी त्यांना गिटार शिकवली. नुसती सूर छेडण्यापुरती नव्हे, तर शास्त्रशुद्ध, स्वरलिपी वाचून, प्रत्येक बोटाचे काम ठरवून. त्या विद्येतले शब्द सगळे परदेशी, काही इटालियन, काही स्पॅनिश. पण शांतवनरावांना ते परके वाटले नाहीत, कारण पाद्रीबाबा तेच शब्द घरातही वापरत. चिखलातून बैलगाडी चालली की ते गाडीवानाला "पियानो, पियानो" म्हणून ओरडत आणि तो बिचारा बैलांचे कासरे ओढी. पियानो म्हणजे हळू, हे शांतवनरावांना गिटार हातात येण्याआधी बैलगाडीत कळले होते. शब्द आधी अंगाला कळावा, मग तोंडी यावा, हा त्यांचा हट्ट तिथला असावा असे मला वाटते.

दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून तीन दिवस, जिनातून सुटल्यावर, त्यांनी आमच्या शाळेत गिटारचा वर्ग सुरू केला. शाळेची एक गिटार आणि त्यांची स्वतःची एक. गिटार वाजवताना खुर्चीवर बसून डावा पाय उंचावर ठेवावा लागतो. आमच्याकडे संगीत म्हणजे सतरंजी, मुली खुर्चीवर बसायला लाजत. शांतवनरावांनी खोक्यांच्या फळ्यांचे लहान लहान पाट स्वतः ठोकून आणले आणि एकेकीचा पाय कुठे येतो ते मापून पाटांना उंची दिली. मग लाजणे संपले.

त्या पहिल्या तुकडीतल्या दोघींची नावे इथे सांगितलीच पाहिजेत. एक नसीम, इथल्याच करीमचाचा पिंजाऱ्यांची मुलगी. दुसरी धानी, फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावरची, आमच्या वसतिगृहात राहणारी. नसीम अबोल, धानी तोंडाळ. दोघींचे पटत नसे आणि दोघींना एकमेकींवाचून करमत नसे.

करीमचाचांचा या वर्गाशी संबंध मुलीपुरता नव्हता. गिटारच्या वरच्या तारा तेव्हा आतड्याच्या असत, आणि तुटली की मुंबईहून यायला महिने लागत. पिंजाऱ्याच्या कापूस पिंजायच्या धुनकीलाही आतड्याचीच तात असते. शांतवनराव एकदा त्यांच्या दुकानात जाऊन बसले आणि तातींचे सगळे भेंडोळे उलगडून त्यातली सर्वांत बारीक, एकसारखी तात निवडून घेऊन आले. ती लागली. आवाज जरा कोरडा होता, पण वर्ग थांबला नाही. पुढे करीमचाचाच आमच्यासाठी बारीक तात वेगळी काढून ठेवू लागले.

वर्षभर वर्ग उत्तम चालला, आणि मग ती गोष्ट घडली. तिच्यामुळेच आज शांतवनरावांच्या या गौरवग्रंथाला विषय मिळाला आहे.

शाळेच्या वार्षिक संमेलनाला नागपूरहून संगीताच्या निरीक्षिका आल्या होत्या. आमच्या मुलींनी आळीपाळीने गिटार वाजवली. टाळ्या झाल्या. निरीक्षिकाबाई भाषणाला उठल्या आणि कौतुक करता करता त्यांनी सहज विचारले, "पण या सगळ्या मुलींनी उजव्या हाताचं हे बोट असं तळहातात का मुडपून धरलं होतं?"

सभागृहातल्या प्रत्येकाने मुलींच्या हातांकडे पाहिले. खरेच, वाजवताना सगळ्यांची अनामिका मिटलेली होती. नसीमने सरळपणे उत्तर दिले, "वाद्याची रीतच तशी आहे जी. सरांचं पण तसंच आहे."

लोक हसले. त्यात दुष्टपणा नव्हता. शांतवनराव पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी उजवा हात कोटाच्या खिशात घातला.

मुलींनी चूक केली असे म्हणता येत नाही. त्यांनी आयुष्यात गिटार वाजवणारा दुसरा माणूस पाहिलाच नव्हता. गुरूचा हात जसा दिसला तसा आपला हात त्यांनी घडवला. शांतवनराव तोंडाने अनामिका वापरायला सांगत, पण मुली ऐकण्यापेक्षा बघत जास्त, आणि तीन बोटांचे सोपे धडे तसे निभावूनही जात.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. "बाई," ते म्हणाले, "मी माझं अधूपण मुलींच्या हातात घातलं. चांगली बोटं होती त्यांची. आता मी येणार नाही."

मी त्यांना सांगितले की घातले कसे ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा काढायचे कसे तेही तुम्हीच शोधायचे. सोमवारी तास आहे.

शाळा समितीला हा तास नकोसा झाला होता. अध्यक्ष भाऊसाहेब कापसाचे मोठे व्यापारी. मनाने वाईट नव्हते, पण संमेलनातले हसणे त्यांना लागले होते. बैठकीत ते मला म्हणाले, "बाई, आज बोट नसलेल्या माणसाले गिटारवर ठेवलं, उद्या आंधळ्याले चित्रकलेवर नेमान काय?" मी म्हटले, मुली शिकल्या तर नेमीन. शेवटी असे ठरले की पाश्चात्त्य संगीताची एक परीक्षा नागपुरात होते, तिला मुली बसवाव्यात. मुंबईचे परीक्षक येतात, त्यांच्यापुढे कोणाचे काही चालत नाही. मुली उत्तीर्ण झाल्या तर वर्ग राहील आणि शांतवनरावांची नेमणूक कायम होईल. नाही झाल्या तर वर्ग बंद, गिटार पुन्हा कपाटात.

शांतवनरावांचे हाताने वाजवणे तर गेलेच होते. शिकवणे तेवढे उरले होते, आणि आता तेही पणाला लागले होते. हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. आम्हाला दिसत होते.

सोमवारी ते आले, आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. मुलींकडे पाठ. हात खिशात. "आजपासून माझ्याकडे बघायचं नाही," त्यांनी सांगितले. "मी सांगेन, तुम्ही वाजवाल, मी ऐकेन."

गावात याची थट्टा झाली. करीमचाचा तात द्यायला आले, दारातून हा प्रकार पाहिला आणि म्हणाले, "मास्टर साब, दीवार को गाना सिखा रहे क्या?" शांतवनराव भिंतीकडे बघतच म्हणाले की भिंत निदान बोट तरी मुडपत नाही.

पण पाठ फिरवल्यावर पहिल्याच तासाला अडचण उभी राहिली. हात दाखवायचा नाही, तर बोटाने नेमके काय करायचे हे शब्दाने सांगायला हवे, आणि तसे शब्द मराठीत नव्हते. परदेशी शब्द मुली पाठ करून टाकत, पण बोटांना त्यातून काही कळत नसे. एक स्वर छेडून बोट शेजारच्या तारेवर विसावते, त्याला अपोयांदो म्हणतात. न विसावता हवेत सुटते, त्याला तिरांदो. मुली दोन्ही शब्द घडाघडा म्हणत आणि बोटे दोन्ही वेळी एकच काहीतरी करत.

तेव्हा शांतवनरावांनी जी रीत काढली ती मी माझ्या इतक्या वर्षांच्या शिक्षणकार्यात दुसरीकडे कुठे पाहिली नाही. एका मुलीला व्हरांड्यात पाठवायचे. बाकीच्यांना एखादी क्रिया नीट समजावून द्यायची आणि तिला तुमच्या बोलण्यात काय म्हणाल असे विचारायचे. शब्द ठरला की बाहेरच्या मुलीला आत बोलवायचे आणि तिला दुसरे काही न सांगता तो एकच शब्द सांगायचा. तो ऐकून तिच्या बोटांनी बरोबर तेच केले, तर शब्द पास. नाही केले, तर शब्द नापास. मुलगी कधीच नापास होत नसे. ही गोष्ट त्यांनी मुलींना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितली होती, आणि माझ्या मते निम्मे यश त्यातच होते.

अपोयांदोला 'टेका' हा शब्द सहज उतरला आणि तिरांदोला 'सुटा'. सगळ्या तारांवर एक बोट आडवे दाबून धरतात, तो बार्रे झाला 'अडसर'. रास्गेआदो म्हणजे मिटलेली बोटे एकामागून एक बाहेर झटकत तारांवरून नेणे. हे मुलींना काही केल्या जमेना. शेवटी एकजण म्हणाली की सडा टाकताना आपण बोटे अशीच झटकतो की. व्हरांड्यातली मुलगी आत आली, 'सडा' ऐकले आणि तिची बोटे अंगणात उघडावीत तशी उघडली. त्यात अनामिकाही होती. शांतवनराव भिंतीकडे तोंड करून बसले होते, पण चौथ्या बोटाचा आवाज त्यांना ऐकू आला. त्यांनी ते पुन्हा करायला सांगितले. मग पुन्हा.

आवाज वाढवत नेणे, म्हणजे क्रेशेंदो, यासाठी मी स्वतः 'नादवृद्धी' हा शब्द सुचवला होता. कॉलेजात माझे संस्कृत चांगले होते. नसीम आत आली, शब्द ऐकला आणि "हे काय असते जी?" म्हणून उभी राहिली. शब्द नापास. धानी म्हणाली, आमची मोटार घाट चढते तसा आवाज, 'चढ' म्हणा. चढ पास झाला आणि त्याच्याबरोबर उतारही.

माझाही एक शब्द मात्र पास झाला आणि त्याचा मला अभिमान आहे. फेर्माता म्हणजे स्वर ठरल्या वेळेपेक्षा जास्त धरून ठेवायचा, तो आपोआप विरत जाईपर्यंत घाई करायची नाही. मुलींनी 'थांबा' सुचवले. बाहेरची मुलगी आली, थांबा ऐकले आणि तिने तारांवर पंजा ठेवून आवाजच बंद केला. मी दारावरून चालले होते, मी म्हटले, "धीर." धानीला बाहेरून बोलावले. तिने स्वर छेडला, धरला आणि तो पार विरून जाईपर्यंत बोट हलवले नाही. शांतवनराव म्हणाले, "बाईंचा शब्द घेतला."

सगळ्यांत अवघड गेला तो आर्मोनीको. तार दाबायची नाही, एका ठिकाणी तिला फक्त बोट लावायचे, मग घंटीसारखा आवाज निघतो. कोणी तरी म्हणाले, 'फुंकर'. धानीने आत येऊन गिटार हातात घेतली आणि वाकून तारांवर खरोखर फुंकर घातली. वर्ग हसून लोटपोट झाला आणि शांतवनराव भिंतीला विचारत राहिले, काय झाले, काय झाले. धानीच मग चिडून म्हणाली, "दाबाचं नाही न् सोडाचंबी नाही, मंग सरळ सांगा ना जी, उगाच हात लावाचा." नसीमही व्हरांड्यातच होती, तिला हाक मारली. तिला म्हटले, 'उगाच'. आणि घंटी वाजली.

मी हरकत घेतली. 'उगाच' हा काय पारिभाषिक शब्द झाला? शांतवनराव म्हणाले, "बाई, शब्दाचं कूळ मी विचारत नाही. बोट काय करतं ते बघतो. म्हणजे ऐकतो." माझी हरकत आजही कायम आहे. शब्दही कायम आहे.

अशी त्यांची गिटारची मराठी शब्दावली तयार झाली. आज ती पुष्कळ शाळांतून वापरली जाते आणि या ग्रंथाच्या शेवटी ती समग्र छापली आहे. वाचकांनी ती चाळताना एवढे लक्षात ठेवावे की त्यातला प्रत्येक शब्द कोण्या तरी मुलीच्या बोटांनी मान्य केलेला आहे, आणि जितके मान्य झाले त्याच्या कितीतरी पट शब्द त्याच व्हरांड्यात टाकून दिलेले आहेत.

शांतवनरावांच्या स्वभावाविषयी दोन शब्द. कापसाच्या हंगामात जिनातून सुटायला त्यांना कधी उशीर होई. माझा नियम असा की घंटेनंतर वर्गाचे दार लावायचे, मग तो कोणीही असो. एकदा ते धावत आले तेव्हा दार लागले होते. त्यांनी ते वाजवले नाही. बाहेर उभे राहून, मुली आपापल्या वाजवत होत्या ते ऐकत राहिले आणि तास संपल्यावर आत जाऊन मुलींची माफी मागितली. मग म्हणाले, दाराबाहेरून ऐकले त्यावरून कोणाची कुठे चूक झाली ते सांगतो, आणि एकेकीची सांगितली.

दुसरे, खोटे मोठेपण त्यांना चालत नसे. शाळेच्या माहितीपत्रात भाऊसाहेबांनी 'संपूर्ण पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण' असे घातले होते. शांतवनरावांनी कच्च्या मुद्रितातले 'संपूर्ण' खोडले, 'पाश्चात्त्य संगीत' खोडले आणि 'गिटारचे प्राथमिक शिक्षण' असे लिहून दिले. भाऊसाहेब नाराज झाले. मी तसेच छापले.

आणि त्यांची माया. उन्हाळ्याच्या सुटीत धानी तांड्यावर जाई, तिथे गिटार कुठली? बोटे विसरतील या काळजीने शांतवनरावांनी एका फळीवर करीमचाचांकडून सहा ताती ताणून बसवून घेतल्या आणि ती फळी तिला दिली. तिच्या याडीने, म्हणजे आईने, ती पाहून विचारले की ही काय रुई पिंजायला शिकून राह्यली का शाळेत. पुढे ती माउली ज्वारीचे पीठ घेऊन शाळेत भेटायला आली तेव्हा व्हरांड्यात जमिनीवरच बसली. शांतवनरावांनी आतून स्वतःची खुर्ची आणली, तिला तीवर बसवले, आणि धानीकडून तिच्यासमोर एक पूर्ण धडा वाजवून घेतला. त्या दिवशी ते स्वतः भिंतीशी उभे होते.

तिसऱ्या वर्षी परीक्षा आली. नसीम आणि धानी अशा दोघीच बसल्या. शेवटच्या महिन्यात शांतवनरावांनी त्यांना सगळे परदेशी शब्द पुन्हा सांगितले. "टेका तुम्हाला येतो," ते म्हणत. "आता त्याला पाहुणे काय म्हणतात ते ऐकून ठेवा." ज्या शब्दांवर आधी महिने गेले होते ते आता आठ-दहा दिवसांत मुलींच्या ध्यानात बसले, कारण ते कशाचे नाव आहे हे त्यांच्या बोटांना ठाऊक झाले होते.

नागपूरला मुलींना घेऊन मी गेले. शांतवनरावांना जिनातून रजा मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी ते आले असते असे मला वाटत नाही. करीमचाचांनी ताज्या पिंजलेल्या कापसाची जाड गोधडी गिटारभोवती स्वतः टाके घालून शिवून दिली होती. मोटारीत ते गाठोडे आळीपाळीने दोघींच्या मांडीवर होते.

परीक्षक वृद्ध पारशी गृहस्थ होते. त्यांची मराठी मोडकी असली तरी मुलींना समजत होती. पालक म्हणून मला एका कोपऱ्यात बसू दिले. धानी आधी गेली आणि चांगली वाजवून आली. मग नसीम. तिने ठरलेला धडा वाजवला. परीक्षकांनी मधूनच, वाजवणे चालू असताना, एकेक परदेशी शब्द उच्चारायला सुरुवात केली. अपोयांदो. क्रेशेंदो. फेर्माता. ती थांबली नाही. शब्द कानावर पडला की हात तसा वळत होता. मग त्यांनी आर्पेज्जो मागितला, म्हणजे एकेका बोटाने एकेक तार, अनामिकेपर्यंत. तिने वाजवला. त्यांनी तोच आणखी हळू वाजवायला सांगितले आणि डोळे मिटून ऐकले.

मग लेकीला हाक मारावी तसे ते म्हणाले, "डिकरी, तुझा सर कोण हाय? त्याला बोलाव. त्याचा हा चौथा बोट मला बघाचा हाय."

नसीमने माझ्याकडे पाहिले. मी मानेनेच परीक्षकांकडे खूण केली. तिला विचारले होते.

"ते बोट नाही जी त्यांना," ती म्हणाली. "जिनात गेलं."

"तो मग तू बघून शिकली काय?"

"बघून नाही शिकलो आम्ही. बघून शिकलो होतो तवा चुकलं होतं."

परीक्षकांनी धानीलाही आत बोलावले आणि दोघींकडून सगळी हकीगत काढून घेतली. धानीने ती सविस्तर सांगितली, फुंकरीसकट. शब्दांची परीक्षा कशी होते हे त्यांना स्वतःला बघायचे होते. त्यांनी नसीमला बाहेर पाठवले, धानीकडून हळूच एक शब्द विचारून घेतला आणि नसीम आत येताच स्वतः मोठ्या गांभीर्याने म्हणाले, "उगाच." घंटी वाजली. ते स्वतःशीच पुन्हा एकदा "उगाच" म्हणाले आणि कागदावर काही लिहू लागले.

निकाल पुढे टपालाने आला आणि दोघी विशेष गुणांनी उत्तीर्ण झाल्या होत्या, पण मला त्या दिवशी नागपुरातच पुरेसे कळले होते. परतल्यावर शांतवनराव शाळेत वाट बघत होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की अनामिकेचा आवाज बाकीच्या बोटांइतका भरला होता का. मी म्हटले, मला त्यातले कळत नाही, पण परीक्षक तुमचे बोट बघायला मागत होते.

 ते माझ्या समोरच्या खुर्चीवर बसले आणि संमेलनापासून लोकांसमोर खिशातच असलेला उजवा हात त्यांनी टेबलावर ठेवला. मी चहा मागवला. चहा येईपर्यंत आणि नंतरही तो हात तिथेच होता.

समितीने त्यांची नेमणूक कायम केली. ठराव भाऊसाहेबांनीच मांडला, आणि बैठक संपल्यावर मला बाजूला घेऊन विचारले की, "माह्या नातीले घ्यान काय तुमचे मास्तर?" आज नसीम अमरावतीला संगीत शिकवते आणि धानी पुसदच्या शाळेत. दोघींकडे मुलींचे वर्ग आहेत आणि दोघीही नव्या शब्दांसाठी विद्यार्थिनींना व्हरांड्यात उभे करतात. त्यांच्या विद्यार्थिनींमार्फत मारेगावसारख्या आडगावीही गिटार पोचली आहे; तसे होईल असे छप्पन साली मला कोणी सांगितले असते तर मी त्याला वर्गाबाहेर काढले असते.

गौरव समितीने मला शेवटी शुभेच्छा लिहायला सांगितल्या आहेत. शांतवनराव या महिन्यात साठ पूर्ण करत आहेत, आणि साठाव्या वर्षी माणसाने निवृत्त व्हावे असा आमच्या शाळेचा नियम आहे. नियम मी मोडत नाही. म्हणून मी त्यांना वेगळे काम दिले आहे.

त्रेमोलो म्हणून एक प्रकार आहे. अंगठा खाली एक सूर धरतो आणि बाकीची बोटे वर एकाच तारेवर इतक्या जलद, इतक्या सारखी फिरतात की स्वर थरथरत तेवत राहिल्यासारखा वाटतो. शब्दावलीत या एका शब्दासमोरची जागा अजून कोरी आहे. आजवरच्या प्रत्येक तुकडीने त्यावर शब्द सुचवले आणि सगळे नापास झाले. 'थरथर' म्हटले की मुलींचा हातच थरथरतो. 'भिरभिर' म्हटले की बोटे पळत सुटतात. तो शब्द मिळाल्याशिवाय शांतवनरावांना शाळेतून सुटी नाही, हे मी त्यांना समक्ष सांगितले आहे. त्यासाठी लागणारे आरोग्य आणि आयुष्य त्यांना लाभो, ही माझी इच्छा आहे, आणि तिच्यात शाळेतल्या सगळ्या मुली सामील आहेत.

मुलींना मात्र मी वेगळे बोलावून बजावून ठेवले आहे. शब्द शोधा, पण घाई करू नका.